पांढऱ्या रस्त्यावर कोणी नाही

१ ऑगस्ट, सकाळ

सेव्हरीन काल संध्याकाळच्या बसने नाँतला बहिणीकडे गेली. भांडण झालेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण गावात वेगळं सांगतील. ती फक्त एवढंच म्हणाली की लुदो, तू ज्याच्यावर ओरडतोस त्याच्याच घरी दुसऱ्या दिवशी मला इंजेक्शन द्यायला जावं लागतं. त्याचं ब्लडप्रेशर मोजावं लागतं. आणि ते वाढलेलं असतं. ती या गावची आणि आसपासच्या वाड्यांची नर्स आहे, घरोघर जाते. मी म्हटलं, ब्लडप्रेशर चीजनेही वाढतं. तिने बॅगेची चेन लावली.

अट अशी: ऑगस्टभर कोणाशीही भांडायचं नाही. नाँतच्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली आहे, एक सप्टेंबरला उत्तर द्यायचं आहे. मी शांत राहिलो तर ती त्या दिवशी दुपारच्या बसने परत. नाही तर नाँत.

सोपं आहे. मी मुळात शांत माणूस आहे.

१ ऑगस्ट, दुपार

विचार केला. मला राग येतो कुठे? घरात नाही. शाळेत नाही (मे महिन्यातला प्रकार सोडून). राग येतो तो रस्त्यावर. गाडी चालवताना, सायकल चालवताना, रस्ता ओलांडताना. म्हणजे राग माझ्यात नाही, रहदारीत आहे. रहदारी काढून टाकली की राग उरत नाही. हे इतकं सरळ आहे की इतकी वर्षं कसं सुचलं नाही, याचा भयंकर राग आला. (घरात आला, हे खरं. पण रहदारीविषयी होता.)

निश्चय: रोज सकाळी सायकल. फक्त रिकाम्या रस्त्यांवरून.

२ ऑगस्ट

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. लाल रस्ते मोठे, ट्रकवाल्यांचे. पिवळे मधले, बाजाराच्या गावाला जाणारे. पांढरे म्हणजे शेताशेतांतून, वाडीवरून वाडीवर जाणारे, ज्यांचं नकाशा काढणाऱ्यालाही फारसं पडलेलं नसतं. जन्मभर मी पिवळ्यावरून सायकल चालवत आलो, ही मूळ चूक. पांढऱ्याला पांढरा जोडत एक फेरी बसवली: गाव, ओढा, पाणचक्की, रान, मेझरोलची वाडी, परत गाव. एका ठिकाणी नाइलाजाने पिवळा ओलांडावा लागतो. ओलांडणं म्हणजे वापरणं नव्हे.

रस्ता बसवताना इतकी शांतता वाटली की शेजारचं कुत्रं भुंकत होतं तरी खिडकी नुसती बंद केली. जोरात केली, पण बंदच केली.

३ ऑगस्ट

पाणचक्कीच्या पुढे माझा पांढरा रस्ता पिवळ्याला मिळतो, तिथे तिएरीची पावाची व्हॅन. तिएरी रोज सकाळी वाड्यावस्त्यांवर हॉर्न वाजवत पाव विकतो. त्या चौकात पाटी नाही. पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, हा देशाचा कायदा आहे. मी उजवीकडून येत होतो. तो थांबला नाही. मग थांबला, कारण मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

त्याला नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, मास्तर, माझा बाप या रस्त्याने पाव विकायचा, आता मी विकतो, उजवीकडून आजवर ससासुद्धा आलेला नाही. मी म्हटलं, ससा आला तर हक्क सशाचा. तो म्हणाला, बरं, ससा आला की थांबेन, आता बाजूला व्हा, मेझरोलला बायाबापड्या टोपल्या घेऊन उभ्या आहेत. मी नियमाचा इतिहास सांगायला घेतला. तेव्हा तो सीट मागे करून क्रॉइसाँ खायला लागला. मेझरोलला पाव उशिरा पोचला म्हणे.

हे भांडण होतं का? प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. भांडणाला दोन्ही बाजू तापलेल्या लागतात. तिएरी खात होता. म्हणजे भांडण नव्हे.

सेव्हरीनला मेसेज पाठवला: आज कोणाशी नाही.

५ ऑगस्ट

रोलाँने रस्त्यावर आडवी दोरी बांधली होती. त्याच्या गायी एका कुरणातून दुसऱ्या कुरणात चालल्या होत्या. चालल्या होत्या म्हणजे उभ्या होत्या. मी थांबलो. विनातक्रार थांबलो. मग विचारलं की ही सार्वजनिक वाट आहे, याची कल्पना आहे का. रोलाँ म्हणाला, मास्तर, घाई कसली, तुम्हाला तर सुट्टीच आहे, तुमच्या सुट्ट्या सुरू होतात आणि माझ्या गायी म्हाताऱ्या होतात तरी संपत नाहीत.

मास्तरांच्या सुट्ट्या या विषयावर मी सरकारी आकडेवारीसह बोललो. तो म्हणाला, सावकाश सांगा, गायींनाही ऐकू द्या. मग मी शेतीच्या अनुदानावर बोललो. हे बोलायला नको होतं का? विषय अर्थशास्त्राचा होता. एक गाय हँडल चाटत होती. तिला मी जे बोललो ते वेगळं. गाय कोणाशीही या शब्दात येत नाही.

दोरी मीच सोडली आणि निघालो. दोन गायी माझ्यामागून आल्या, पार पाणचक्कीपर्यंत. त्या परत नेण्याची जबाबदारी माझी आहे असं रोलाँचं म्हणणं. मला मान्य नाही.

मेसेज: आज कोणाशी नाही.

९ ऑगस्ट

रानातल्या चढावर समोरून दोन डच पर्यटक आले, नवराबायको, दोघांच्याही सायकली बॅटरीवाल्या. बोंझूर म्हणाले नाहीत, साधा नमस्कार.

शहरात एखादा बोंझूर म्हणाला नाही तर मी सोडून देतो. (देत नाही, पण समजू शकतो.) पण जिथे नजर जाईल तिथवर माणूस नाही, अशा रस्त्यावर दोन माणसं मला पाहतात आणि बोंझूर म्हणत नाहीत, याचा अर्थ ठरवून म्हणत नाहीत. मी सायकल वळवली. हेतू शुद्ध होता: मी स्वतः आधी बोंझूर म्हणायचं आणि त्यांना सुधारायची संधी द्यायची. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि वेग वाढवला. चढावर. बॅटरी. मी पूर्ण ताकदीने पायडल मारत आणि बोंझूर म्हणत माथ्यापर्यंत गेलो. ते शब्द किती मोठ्याने म्हटले गेले, याला वारा जबाबदार होता. माथ्यावर ते दिसेनासे झाले. उतारावरही बहुतेक थांबले नाहीत.

शुभेच्छा देणं हे भांडण असू शकत नाही.

१० ऑगस्ट

सेव्हरीनचा फोन. तिला सगळं माहीत आहे. ससा, गायी, डच. तिएरी तिला रोज फोन करतो, रोलाँ करतो, सरपंच जोझियानबाई करतात. डच लोकांनी कॅम्पिंगवाल्याला विचारलं म्हणे की या भागात असा एक माणूस फिरतो, तो धोकादायक आहे का. ती म्हणाली, लुदो, तू मला रोज खोटा मेसेज पाठवतोस. मी म्हटलं, खोटा नाही, व्याख्येचा प्रश्न आहे. मग म्हणाली, आतापर्यंतचं सोडून दिलं. आजपासून मोजते. आता एक जरी झालं तरी नाँतला होकार कळवून टाकते, मलाही रोज उठून वाट बघायचा कंटाळा येतो.

मला वाईट वाटलं. आणि तिएरीचा राग आला. पाव विकणाऱ्याने पाव विकावा.

११ ऑगस्ट

नवे निश्चय. एक, फेरी रोज ठरलेल्या वेळी: आठला निघायचं, दहाला घरी. शिस्त असली की राग येत नाही. दोन, कोणी दिसलंच तर मान खाली. वेळापत्रक सेव्हरीनला कळवलं, म्हणजे तिला कळेल की मी किती मनावर घेतलं आहे. तिने चांगलं आहे असं लिहिलं. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याबद्दल हा शब्द वापरला.

१३ ऑगस्ट

निघालो तेव्हा चर्चची घंटा वाजली. आठचे ठोके पडून गेल्यावर पुन्हा, भराभर, बराच वेळ. पूर्वी गावाची घंटा अशी वाजवत ती आग लागली, गारपीट आली किंवा सैन्य दिसलं की. आता घंटेला वीज आहे, बटण ग्रामपंचायतीच्या कचेरीत आहे, आणि यंत्र बिघडलेलं आहे. कचेरी माझ्या घरासमोरच आहे, खिडकीत जोझियानबाई उभ्या होत्या. मी सायकलवरूनच विचारलं की हे काय. त्या म्हणाल्या, वारा, मास्तर. वारा नव्हता. पण मी मान खाली घातली.

रस्त्यावर कोणी नाही.

१४ ऑगस्ट

पुन्हा घंटा. पुन्हा कोणी नाही. एकही वाहन नाही, एकही गाय नाही. पाणचक्कीच्या चौकात हक्काने थांबलो आणि हक्काने निघालो. तिएरीचा हॉर्न कुठेतरी टेकडीपलीकडे.

पद्धत सिद्ध झाली. पांढऱ्याला पांढरा जोडला की रहदारी शून्य होते. हे इतर सायकलवाल्यांनाही कळलं पाहिजे. पुस्तिका लिहावी: शांत रस्ते कसे निवडावेत. प्रस्तावना आज रात्री.

१७ ऑगस्ट

प्रस्तावना झाली. त्यात लिहिलं आहे की शांत रस्ता सापडत नाही, तो अभ्यासाने मिळवावा लागतो. वाचून स्वतःलाच पटलं.

रोलाँचा ट्रॅक्टर आज लांबून दिसला. मला पाहताच तो मक्याच्या शेतात शिरला आणि इंजिन बंद झालं. मक्यावर फक्त केबिनचं छप्पर दिसत होतं. त्यात रोलाँ हलत नव्हता. ट्रॅक्टर जुना आहे, बिघडला असणार. त्याला हाक मारून मदत विचारावी असं वाटलं, पण नियम दोन.

२० ऑगस्ट

घंटेबद्दल तक्रार करायची नाही असं ठरवलं आहे. केली नाही. कचेरीत जाऊन फक्त माहिती विचारली. जोझियानबाईंनी काउंटरच्या मागे एक पाऊल घेतलं आणि म्हणाल्या, दुरुस्तीला माणूस सांगितलाय मास्तर, तो सप्टेंबरात येतोय, तुम्ही आपली सायकल चालवा, छान रंग आलाय तुम्हाला. त्यांच्या दंडावर हिरवानिळा डाग होता. म्हणाल्या, सेव्हरीनच्या जागी बदलीवर आलेल्या केव्हिनचं काम, पोरगा चांगला आहे पण त्याला शीर सापडत नाही. मग विचारलं, सेव्हरीन नक्की येते ना.

मी म्हटलं, माझ्या बाजूने सगळं सुरळीत आहे. बाई म्हणाल्या, हो, आमच्याही बाजूने.

कोणत्या अर्थाने, ते कळलं नाही.

२३ ऑगस्ट

आजही कोणी नाही. मन शांत असायला हवं होतं. नव्हतं. का, ते शोधलं. सूर्यफुलं. जाताना सगळं शेत माझ्याकडे पाठ करून उभं असतं. दुसरं, रानाच्या पुढचा डांबरातला तो खड्डा, ज्याला मी रोज चुकवतो. आज त्याला काही शब्द ऐकवले. तिसरं, जास्त महत्त्वाचं: मी इतका शांत झालो आहे, पण हे पाहायला एक माणूस नाही. ज्या तिएरीने तिला सशाचं सांगितलं, त्याने आता हेही पाहायला नको का? त्याला मी हात करून आधी जाऊ दिलं असतं. हक्क माझा असूनही. तो येतच नाही. पाव मात्र गावात रोज असतो.

बेजबाबदारपणा. एरवी ही माणसं रस्त्यावरून हटत नाहीत.

२५ ऑगस्ट

मुद्दाम हळू चालवली, कोणीतरी भेटेल म्हणून. ओढ्याच्या पुलावर पोस्टाची पिवळी गाडी दिसली. मी हसलो. हसण्याचा सराव काल आरशात केला होता. गाडी रिव्हर्समध्ये गेली, वळणापर्यंत, आणि नाहीशी झाली. पोस्टाच्या वेगाविषयी मी आजवर जे लिहिलं आहे त्यात बदल करावा लागेल.

पुस्तिकेचं दुसरं प्रकरण अडलं आहे. शांत रस्ता मिळाल्यावर काय करावं, हे नेमकं सांगता येत नाही.

२८ ऑगस्ट

पाणचक्कीच्या आधी मागचं चाक पंक्चर. पंप घरी. रागावलो नाही. पंपाला उद्देशून जे झालं ते झालं. सायकल ढकलत शेतातल्या पायवाटेने परत फिरलो, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच आधी गावाजवळ पांढऱ्या रस्त्याला लागलो.

वळणावर जत्रा भरली होती. तिएरीची व्हॅन. रोलाँचा ट्रॅक्टर, मागे गवताचे भारे. पोस्टाची गाडी. रोलाँच्या गायी, दोरीसकट. डच नवराबायको, दोघांच्या हातात तिएरीचा पाव. सरपंच जोझियानबाई मधोमध, हात वर करून कोणी आधी जायचं ते सांगत होत्या. सगळे घाईत, सगळे हसतखिदळत. असं वाटलं की रोज सकाळचं काम ते एवढ्याच वेळात उरकून घेतात.

तिएरीने मला आधी पाहिलं. त्याने इंजिन बंद केलं. मग रोलाँने. डच बाई बोंझूर म्हणाली, पुटपुटत. जोझियानबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, मास्तर, तुम्ही आत्ता मेझरोलला असायला हवे होतात.

तेव्हा घंटेचं कळलं.

मी भांडलो नाही. संयमाने नव्हे. वाकून मागचं चाक तपासलं, पंक्चर तसंच होतं. रोलाँ ट्रॅक्टरवरून उतरला, बाही वर केली, दंड दाखवला. म्हणाला, मास्तर, मनाला लावून घेऊ नका, हा बघा केव्हिन. इथे त्याचा सोमवार, इथे गुरुवार. सेव्हरीनबाई यायला हव्यात. तुमची तिकडे फेरी, आमचं इकडे काम, कोणाचं काही बिघडलं का? तिएरीने खिडकीतून पंप पुढे केला. त्याच्याकडे सायकलचा पंप होता.

ठिगळ लावलं, हवा भरली. सगळे बघत होते. गायीसुद्धा.

२९ ऑगस्ट

गेलो नाही. घंटाही वाजली नाही. खिडकीतून पाहिलं तर कचेरीच्या खिडकीत जोझियानबाई मला पाहत होत्या.

पुस्तिका फाडली. सावकाश फाडली, म्हणजे रागाने नाही.

मला पाहून गाव रान पेटल्यासारखं घरात शिरतं. मी इतिहास शिकवतो. घंटा कशासाठी वाजवतात हे मीच मुलांना सांगतो.

३० ऑगस्ट

प्रश्न असा. मी भांडलो नाही, हे खरं. पण भांडायला कोणी ठेवलंच नव्हतं, हेही खरं. मग महिना माझा धरायचा की गावाचा? सांगितलं तर ती येणार नाही. न सांगितलं तर ती ज्या माणसाकडे येईल तो माणूस इथे राहत नाही. दिवसभर विचार केला. रात्रीचं सूप उतू गेलं.

निर्णय: उद्या सांगणार. मी खोटेपणाने बायको मिळवणारा माणूस नाही. हे तिला शांतपणे सांगायचं. वाक्यं लिहून काढली, तीनदा मोठ्याने वाचली.

३१ ऑगस्ट

फोन केला. पहिलं वाक्य पूर्ण झालं. दुसऱ्याच्या मध्ये ती म्हणाली, मला माहीत आहे. मी विचारलं, काय. ती म्हणाली, घंटेचं. माझीच कल्पना. तू वेळापत्रक पाठवलंस ना, तेच मी जोझियानबाईंना सांगितलं. अरे, मला घरी यायचंय. तुला एकट्याला हे झेपणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून थोडा हात दिला. बॅग भरून ठेवलीय मी.

हे ती हसून म्हणाली. आत्ता लिहिताना लक्षात येतं की ती प्रेमाने म्हणाली.

मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. झेपणार नाही या शब्दापासून सुरू झालो. कटकारस्थान हा शब्द आला. तिची बहीण आली. डच आले. अनुदान कसं आलं ते कळत नाही. आवाज मोठा होता कारण लाइन खराब होती. लाइन खराब नव्हती. शेजारचं कुत्रं आधी भुंकत होतं, मग गप्प झालं. शेवटी दम लागला म्हणून थांबलो तेव्हा ती म्हणाली, झालं? आणि फोन ठेवला.

कोणाशीही या शब्दात ती स्वतः धरायची का, हे ठरलं नव्हतं. माझ्या मते अट घालणारा अटीच्या बाहेर असतो.

पुन्हा फोन केला. उचलला नाही.

१ सप्टेंबर, संध्याकाळ

दुपारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बसथांब्यावर गेलो. ती येईल असं मला वाटत होतं. वाटत नव्हतं, पण गेलो. अख्खं गाव आधीच तिथे होतं. रोलाँ न्हाऊन आलेला, टोपी हातात. तिएरीने पावाचं दुकान बंद ठेवलेलं. जोझियानबाईंच्या हातात आलुबुखाराचा मोठा टार्ट, फडक्याने झाकलेला. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले. रोलाँने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, जमवलंत मास्तर. फोनचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने खाली उतरून केव्हिनसाठी औषधांचं खोकं दिलं, पुन्हा वर चढला, दार बंद केलं, बस गेली.

बराच वेळ सगळे बसच्या मागे पाहत राहिले. मग माझ्याकडे.

जोझियानबाई हळू आवाजात म्हणाल्या, पण मास्तर, काल तर आम्ही सगळे दिवसभर घरात होतो. तुम्हाला भांडायला मिळालं कोण?

मी म्हटलं, ती.

कोणी ओरडलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, तयारी होती. रोलाँने टोपी घातली आणि बाही खाली ओढली. तिएरी म्हणाला, चला, भट्टी पेटवायला हवी. मेसेज तेव्हाच आला: नाँतला हो कळवलं. नाताळपर्यंत. मग बघू.

टार्ट जोझियानबाईंनी माझ्या हातात दिला. परत कुठे नेऊ, म्हणाल्या. आठ माणसांचा आहे. दोन तुकडे खाल्ले, बाकीचा फ्रिजमध्ये मावत नाही.